मशेरीची डबी

थोरलीने मागच्या पत्रात विचारलं आहे, "आजी, तू कधी नोकरी केली होतीस का?" केली होती. दोन वर्षं आणि वर काही महिने. त्या कामाबद्दल मी तुमच्या आईलाही कधी सलग सांगितलेलं नाही, म्हणून आता क्रमाने लिहिते. कुठे शब्द अडला तर तिला विचारा.

साठ साल उलटून गेलं होतं. तुमचे आजोबा पनवेलला हायस्कूलमध्ये गणित शिकवत. तुमची आई नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. मी लग्नाआधी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, पण पनवेलला त्या इंग्रजीचा उपयोग आळीतल्या लोकांच्या तारा वाचून दाखवण्यापुरताच. तार घेऊन येणारा माणूस दारातच रडवेला झालेला असायचा, आणि बहुतेक वेळा आत एवढंच असायचं की भाचा उद्याच्या गाडीने येतो आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुंबईच्या एका संस्थेतले एक डॉक्टर तंबाखूची पाहणी करायला आमच्या तालुक्यात आले. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे तेव्हाही डॉक्टर लोकांना माहीत होतं. यांना पाहायचं होतं ते असं: गावात कोण कोणत्या प्रकारे तंबाखू घेतं, त्याच्या तोंडात काय बदल झालेत, आणि समजावून सांगितलं तर लोक सवय सोडतात का व तोंड सुधारतं का. त्यासाठी एकेका घरात जायचं, प्रत्येक मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचे, मग डॉक्टर बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन तोंड तपासणार. वर्षाने पुन्हा त्याच घरी जायचं. डॉक्टर दक्षिणेकडचे होते आणि त्यांचं मराठी बाजारहाटापुरतं होतं. छापील फॉर्म इंग्रजीत. गावातल्या बायका परक्या पुरुषाला उत्तरं देईनात, म्हणून इंग्रजी लिहिणारी आणि बायकांशी बोलू शकणारी कोणी हवी होती. हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळचा स्वयंपाक करून जाणार असशील तर जा. लोकांची तोंडं बघायला एवढी शिकलीस, चांगलं झालं."

आम्ही जीपने उरणच्या रस्त्याला जात असू. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा ज्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत आपली गाडी तासभर उभी राहिली, तोच हा रस्ता. आता जासईच्या आसपास जिथे कंटेनर रचलेले दिसतात तिकडे तेव्हा भातशेती होती आणि खाडीच्या बाजूला मिठागरं. भात निघालं की बायका मिठावर जायच्या. वाफ्यात पांढरं मीठ साठलं की टोपल्या भरून डोक्यावरून बांधावर आणून ढीग रचायचा. हे काम उन्हाआधी सुरू व्हायचं, त्यामुळे बायका घरी भेटायच्या त्या दुपारीच.

फॉर्मवर तंबाखूविषयी दोन प्रश्न होते. मी त्यांचं मराठी केलं: "तंबाखू ओढता का? तंबाखू खाता का?" पुरुष सरळ सांगत. कोणी विडी, कोणी चुन्याबरोबर तंबाखू. काही जण तर उत्तर देता देताच हातावर मळत. बायका मात्र पदर तोंडाला लावून हसायच्या.

"आमी नाय खात बाय. ता पुरुषांचा काम."

एक म्हातारी म्हणाली, "मना काय भिकारीण समजलीस काय?"

पुरुष तंबाखूवाले, बायका नाहीत, हे मला स्वाभाविक वाटलं. मी त्यांच्या नावापुढे 'सवय नाही' असं इंग्रजीत लिहीत गेले. माझं अक्षर चांगलं होतं. डॉक्टरांनी एकदा त्याचं कौतुकही केलं.

तिसऱ्या गावात ती बाई भेटली. माझ्याच वयाची, पस्तिशीच्या आसपासची, उंच, मिठाच्या टोपलीने मान ताठ झालेली. पदरात चार मुलं, धाकटी अजून अंगावर पिणारी. तंबाखू? नाय. डॉक्टरांनी तिचा खालचा ओठ दुमडून पाहिला आणि बराच वेळ बॅटरी तिथून हलवली नाही. आत, हिरडीलगत, पांढरा जाड चट्टा होता, खडबडीत. त्यांनी मला दाखवला. म्हणाले, "हा चांगला चट्टा नाही. कारण चालूच राहिलं तर पुढे याचा कॅन्सर होऊ शकतो. पण हिला तर काहीच सवय नाही!" तोंडाची आग होते का, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं. होते, खूप, ती म्हणाली.

असे फिकट चट्टे त्यांना आणखी काही बायकांत दिसले होते, सगळ्या 'सवय नाही' अशा. परत येताना जीपमध्ये ते उत्साहाने बोलत होते. ऊन असेल, मिठावरचं काम असेल, नाहीतर इकडचं तिखट. त्यांनी मुंबईला तसं पत्र पाठवलं आणि त्या बाईला सांगितलं, तिखट अगदी बंद करा. तो निरोप मीच मराठीत सांगितला.

त्यांनी मला एवढंही विचारलं होतं, "बायकांचे दात एवढे काळे का?" मी सांगितलं होतं, त्या घरी भाजून केलेली दंतमंजनाची पूड लावतात. त्यांना वाटलं कोळसा.

आमच्या घरी सामानाची यादी दर रविवारी मी लिहायची. ओट्याचं सामान, देवाचं सामान, अंघोळीचं सामान, असे तीन भाग. तीन-चार आठवड्यांनी, एका रविवारी, मी तिसऱ्या भागात लिहिलं: साबण, शिकेकाई, तंबाखू. लिहून झाल्यावर पेन्सिल हातातच राहिली.

तो तंबाखू सासूबाईंच्या मशेरीचा. तुम्ही मशेरी पाहिली नसेल. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची, आणि ती पूड बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळायची. भाजताना असा ठसका उठतो की शेजारचंही घर खोकतं. मी त्या घरात दहा वर्षं दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन खोकत होते. माझ्या माहेरी आजीही लावायची. मशेरी म्हणजे राखुंडीसारखी दात घासायची वस्तू, ती न्हाणीघरात साबणाशेजारी राहते. तंबाखू ही पुरुषांची सवय, ती खिशात राहते. ही माझीही समजूत, बी.ए. होऊन. त्या गावांतल्या बायकांनी मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना विचारलं होतं तेवढ्याचं त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि प्रश्न माझा होता.

सासूबाई मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ओठाखाली मशेरी होतीच. मी विचारलं, "आई, तुम्ही तंबाखू खाता का?"

"शुद्धीवर आहेस ना? मी काय गाडीवान आहे?"

"मग ओठात काय आहे?"

"हे होय? हे दात घासायचं."

"सकाळपासून तिसऱ्यांदा घासताय."

"दात माझे आहेत." त्या बाजूला थुंकल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मग त्यांनी मान वर केली. "त्या बायकांना तू हे असंच विचारत फिरतेस? अगं, मग त्या नाहीच म्हणणार. दात कशाने घासता, ते विचार."

सोमवारी जीपमध्ये बसण्याआधी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. यादीचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"किती गावं?"

"तीन."

"म्हणजे तीन गावं पुन्हा." मग ते म्हणाले, "मॅडम, आपण दोघांनी मिळून एक नवा रोग शोधला होता. आता मला मुंबईला दुसरं पत्र लिहावं लागेल." ते रागावले नाहीत. मला त्या बाईची काळजी होती. तिखट बंद करून मशेरी चालू असेल तर आम्ही तिचं काहीच भलं केलं नव्हतं.

भलं सोडाच. ती ओसरीवरच भेटली, आणि आम्हाला पाहताच बोलू लागली.

"मास्तरीणबाय, बरा झाला आलीस. तिखट बंद केलंय. सगली घरची मना शिव्या देतान, कालवन गोडा लागतंय म्हनून. पन जलतंय ता जलतंयच."

"मग काय करता?"

"मशेरी जास्ती लावतंय. लावली का जरा बधिर होतं."

तिने बोट दाखवलं. पहिलं पेर काळं होतं. ती पूड बरोबर त्या चट्ट्याच्या जागी धरून ठेवत होती, मिठाच्या टोपल्या वाहताना तासन् तास. मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी मला सांगितलं, आणि मी तिला सांगितलं. हा चट्टा मशेरीने झाला आहे, ती सोडलीत तर तो जाईल, नाही सोडलीत तर पुढे याचा कॅन्सर होऊ शकतो. चार मुलं आहेत तुम्हाला, हेही मी बोलून गेले. हे शेवटचं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. शेजारच्या दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुमच्या घरान कोन लावत नाय?" तिने मला विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "सासूबाई लावतात."

"मंग त्यांचा तोंड पाहिला? पांढरा हाय काय?"

"नाही पाहिलं."

"बघा गो! सासूचा तोंड उघडाया घाबरतं, आनि माजा उघडाया जीप घेऊन येतं!"

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण तिने धाकटीला कडेवरून खाली ठेवलं नाही आणि माझ्याकडे बघत राहिली. "सासूला सोडाया सांग. तिनं सोडली का मना येऊन सांग. मंग मी सोडतंय. म्हातारीला जमंल ता मना नाय जमाचं?"

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, विचार करते म्हणते.

तुम्हाला हे कदाचित विचित्र वाटेल, पण मला सासूबाईंना मशेरी सोडा असं सांगणं शक्य नव्हतं. त्या वाईट नव्हत्या. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी शिवणकाम करून मुलगा शिकवला होता, आणि त्या काळात उपास, कष्ट आणि मशेरी एवढंच त्यांचं होतं. घरात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली एकच वस्तू यादीत असायची. दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "तोंडाला कुलूप का? डॉक्टर ओरडला काय?"

मी सांगितलं. जसं घडलं तसं, तो टोमणासुद्धा.

त्या हसल्या नाहीत. "जीभ भारीच आहे तिची," म्हणाल्या. मग विचारलं, "मुलं किती?"

"चार. धाकटी अंगावर पिते."

"हं." एवढंच म्हणून त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी निघताना माझ्या पिशवीत फॉर्मांवर त्यांची डबी ठेवलेली दिसली. पितळेची, फिरकीच्या झाकणाची, त्यांच्या आईने दिलेली. हलवून पाहिली तर भरलेली होती.

"तिच्या हातात दे," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "म्हणावं, माझी डबी तुझ्याकडे ठेव. मी मागायला येईन त्या दिवशी तूही लाव. तोवर नाही."

ती डबी मी त्या बाईला दिली तेव्हा तिने झाकण उघडून वास घेतला. "चांगली भाजलेली हाय," म्हणाली. मग झाकण घट्ट लावलं आणि आत जाऊन ठेवून आली. बाहेर आल्यावर तिने स्वतःची पत्र्याची डबी माझ्यासमोर उकिरड्यावर रिकामी केली. ती बोलली आणि तिने तसं केलं नाही, असं मला एकदाही आठवत नाही.

पुढचे चार-पाच महिने आमच्या घरात कोणाला सुख नव्हतं. सासूबाईंचं डोकं दुखायचं, पोट साफ होत नसे, आणि दोन्हींबद्दल त्या मला जबाबदार धरत. आमटीत मीठ कमी, आमटीत मीठ जास्त. तुमचे आजोबा शाळेतून उशिरा येऊ लागले. मी अंघोळीच्या सामानातला तिसरा शब्द, तंबाखू, गाळला तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही ना. लिहिलंस म्हणून काय आणलंच पाहिजे असं आहे?" दिवसभर लवंग चावायच्या. तिकडे ती बाई भाताच्या तुसाची राख आणि मिठाची कणी दातांना लावत होती आणि मुलांना झोडपत होती, असं तिची मोठी मुलगी म्हणाली.

मी आठवड्यातून एकदा त्या बाजूला जायची. पहिला प्रश्न ठरलेला.

"म्हातारीनं लावली काय?"

"नाही."

"खरा सांग."

"खरंच नाही."

आणि घरी आल्यावर, पाय धुवायच्या आत: "काय म्हणते ती? लावली असेल."

"नाही लावली."

"तू नीट पाहिलंस ना? बोट पाहिलंस?"

त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. दोघींचा पहारा माझ्यामार्फत चालायचा.

तोवर आम्ही तिन्ही गावं पुन्हा केली होती. आता पहिला प्रश्न होता, दात कशाने घासता? मशेरी म्हणताना कोणी लाजलं नाही. घरटी एक, कुठे दोन, कुठे तरण्या मुलीसुद्धा. बोटं पुढे करून दाखवायच्या. जुन्या फॉर्मवर मी तांबड्या शाईने रेघ ओढून नवा फॉर्म जोडत गेले. ते काम मला आवडलं नाही, पण ते व्यवस्थित केलं. पुढे मुंबईहून जे नवे फॉर्म छापून आले त्यांत दातांचा प्रश्न सर्वांत वर होता.

लोकांना समजावण्याचं काम त्यामानाने जिकिरीचं. डॉक्टर चित्रं दाखवत, मी बोलत असे. बायका ऐकायच्या आणि आम्ही अंगणाबाहेर पडायच्या आत बोट तोंडात. काहींनी सोडली, बऱ्याच जणींनी नाही. डबीची हकिकत मी डॉक्टरांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "उत्तम उपाय आहे. पण प्रत्येक बाईसाठी एक सासू कुठून आणायची?"

वर्ष झालं. मिठाचा हंगाम पुन्हा सुरू झाला होता. ती बाई कामावरून तशीच आली, पायांना मिठाचा चिखल. डॉक्टरांनी ओठ दुमडला, आरसा लावला, बॅटरी इकडून तिकडून फिरवली. मला म्हणाले, "या, पाहा." जागा जवळजवळ इतर तोंडासारखीच गुलाबी होती. कडेला एक फिकट रेघ राहिली होती. "हिला सांगा, जाईल हीसुद्धा. पण पुन्हा सुरू केली तर पुन्हा येईल. दरवर्षी दाखवायचं."

मी सांगितलं. तिने शेजारणीला हाक मारून स्वतःच बोटाने ओठ खाली ओढून दाखवला. मी निघताना विचारलं, डबी परत नेऊ का? ती म्हणाली, "नाय. त्या मागाया येतील तवा देईन. तसाच ठरलंय."

संध्याकाळी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या. रेघ केवढी आहे, तेही विचारलं. "बरं झालं," म्हणाल्या. "पोरांची आई वाचली."

दुसऱ्या दिवशी पहाटे ठसक्याने मला जाग आली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. सासूबाई चुलीपुढे बसून तव्यावर पानं परतत होत्या, आणि शेजारी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा पुसून ठेवलेला होता. पानं त्यांनी कोणाकडून मागवली होती, मला कधी कळलं नाही.

"आई!"

"तिचं तोंड बरं झालं ना? मग?"

"तिला कळलं तर तीही लावेल."

"तिला कोण सांगणार? तू?" त्यांनी तवा उतरवला. "माझी साठी उलटली. मला अंगावर पिणारं कोणी नाही. दार लाव, धूर बाहेर जातोय."

मी दार लावलं. पुढच्या रविवारी यादीत तिसरा शब्द परत आला. मी तो अंघोळीच्या सामानात लिहिला नाही, पानाच्या तळाशी वेगळा लिहिला. एवढाच फरक मी करू शकले. तोंड तपासू द्या, असंही मी एकदा म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या आठवड्यात मी जासईच्या बाजूला गेले. ती मिठाच्या ढिगाजवळ उभी होती, टोपली रिकामी करत. लांबूनच ओरडली, "म्हातारीनं लावली काय?"

डॉक्टर माझ्या बाजूला उभे होते, हातात माझेच फॉर्म. वर्षभरापूर्वी मी चुकीचं लिहिलं म्हणून तीन गावं पुन्हा फिरले होते.

"नाही," मी म्हटलं.

"खरा सांग."

"खरंच नाही."

तिने टोपली उचलली आणि बांधावरून निघून गेली.

काम संपेपर्यंत, आणि नंतरही दोन वर्षं डॉक्टरांबरोबर तिच्या वर्षाच्या तपासणीला गेले तेव्हा, मी हेच उत्तर देत राहिले. शेवटच्या तपासणीत ती रेघही नव्हती. सासूबाई पुढे सात वर्षांनी हृदयविकाराने गेल्या. तोंड त्यांनी कोणाला दाखवलं नाही, त्यामुळे आत काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी मी कधी फॉर्म भरला नाही.

त्या गेल्याचं मी त्या बाईला कळवलं नाही. कळवलं असतं तर डबी परत करायला ती नक्की आली असती, आणि मग शर्त उरली नसती. ती अजून असेल तर माझ्याच वयाची असेल. डबीही त्याच घरात असेल. आमच्याकडून ती मागायला कोणी गेलेलं नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.